सोलापूरच्या ब्रँडिंगवर महापालिकेने खर्च करावा का?

नवे बोधचिन्ह, घोषवाक्य आणि महामार्गावरचे फलक यांवर महापालिकेने खर्च केला, तर सोलापुरात उद्योग येतील का, असे आपण विचारले आहे. आमचे घर दोन पिढ्या टॉवेलच्या धंद्यात आहे. त्या अनुभवावरून सांगतो की खर्च जरूर करावा, परंतु फलकांवर नव्हे.

इतर गावांना आधी नाव कमवावे लागते. सोलापूरचे नाव, ज्यांनी हे शहर कधी पाहिले नाही त्यांच्याही घरात चादरीच्या रूपाने आधीच पोहोचलेले आहे. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव याच भागातल्या मालाला लावण्याचे कायदेशीर संरक्षण आहे. मात्र त्याचा लाभ प्रत्येक विणकराला आपोआप मिळत नाही. या मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यानुसार उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि ती जास्तीत जास्त दहा वर्षे टिकते. पूर्व भागात चार-सहा माग चालवणाऱ्याला या कागदपत्रांसाठी माग बंद ठेवणे परवडत नाही, आणि तिकडे बाहेर विणलेला हलका माल आमच्याच नावाने विकला जातो, हे पाहून जिवाला लागते. ब्रँडिंगच्या रकमेतून महापालिकेने नोंदणीसाठी एक कक्ष चालवावा आणि बनावट मालाविरुद्धच्या तक्रारींचा पाठपुरावा करण्यासाठी वकील नेमावा. नावाची राखण हाच या शहराचा पहिला प्रचार आहे, असे मी मानतो.

दुसरे असे की, प्रचार नेमक्या गिऱ्हाइकापर्यंत जायला हवा. येथील गणवेश उत्पादकांनी प्रदर्शने भरवून परराज्यांतील खरेदीदारांना माल प्रत्यक्ष दाखवला. तोच मार्ग डाळिंबावरील प्रक्रिया उद्योगासाठीही घेता येईल, कारण केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरला जाणारे असंख्य भाविक आपल्या स्थानकावर उतरतात, त्यांना चालता माग पाहण्याची सोय करून द्यावी.

पाण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही जाहिरातीने झाकला जाणार नाही. उजनी धरण जिल्ह्यातच असूनही शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले, तेव्हा बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी अभिनंदनासाठी मला फोन केले होते आणि त्यांतील बहुतेकांनी पुढच्याच वाक्यात पाण्याविषयी विचारले होते.