रोजच्या साध्या गोष्टींचे प्रॉम्प्ट, म्हणजे लिहायला सुरुवात म्हणून दिलेली एखादी ओळ, घेऊन खरंच कथा सुचते का, की तो नुसता सराव असतो?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, की 'माझा मित्र म्हणतो प्रॉम्प्टवरून लिहिणं म्हणजे शाळेतला निबंध, खऱ्या लेखकाला आतून सुचतं', ते वाचलं आणि म्हटलं आता लिहायलाच हवं. हे वाक्य मी जवळपास याच शब्दांत तोंडावर ऐकलेलं आहे, तेही चारचौघांत, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर अजिबातच पटत नाही.

आधी थेट उत्तर देऊन टाकते. हो, सुचते. आणि नुसती सुचत नाही, तर जी गोष्ट तुम्ही वर्षानुवर्षं टाळत आलात ती साध्या प्रॉम्प्टच्या आडून बाहेर येते. कशी, ते माझ्याच एका कथेवरून सांगते, कारण मोघम बोलून या विषयात काही कळत नाही.

आमचा एक लिहिणाऱ्यांचा गट होता. दर भेटीच्या आधी कोणीतरी एक ओळ टाकायचं, ज्याला वाटेल त्याने त्यावर लिहून आणायचं. एकदा ओळ आली : 'घरातल्या कॅलेंडरवर एका तारखेभोवती पेनाने गोल केलाय. कोणी केला, कोणालाच माहीत नाही.' बस, एवढंच. मी कागद घेऊन बसले तर पहिल्यांदा काय सुचलं? वाढदिवस. मग परीक्षा. मग ऑपरेशनची तारीख. हे तिन्ही मी खोडले, कारण ही ओळ हातात घेणाऱ्या कोणालाही हेच तीन सुचणार. मग मी प्रश्नच बदलला. गोल कोणी केला हे शोधत बसण्याऐवजी स्वतःला विचारलं की हा गोल दिसल्यावर घाबरेल कोण? आणि इथे गाडी एकदम रुळावर आली.

घरात तीन माणसं. मुलाने नोकरीचा राजीनामा दिलाय, घरी सांगितलेलं नाही, आणि त्याचा ऑफिसातला शेवटचा दिवस नेमका तोच. त्याला वाटतं बाबांना कळलंय. आईने एक तपासणी करून घेतलीये गुपचूप, रिपोर्ट त्याच दिवशी मिळणार, तिला वाटतं मुलाने डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. आणि वडिलांनी भावाला पैसे दिलेत बायकोला न सांगता, ते परत यायची तारीख तीच, त्यांना वाटतं बायकोने मुद्दाम खूण केलीये. तिघंही कॅलेंडरसमोरून जाताना नजर चोरतात. तिघंही एकमेकांशी जरा जास्तच गोड वागायला लागतात. कोणी विचारत नाही. तारीख जवळ येत जाते.

पहिल्या खर्ड्यात मी शेवटी दाखवलं होतं की गोल मुळात कोणी काही ठरवून केलेलाच नाही, शेजारचं पोर पेन चालतंय का ते बघत होतं. तो शेवट मी काढला. चुरचुरीत होता, वाचणारा हसला असता, पण त्या हसण्यात तिघांची भीती वाहून गेली असती. त्याऐवजी तारीख उलटते, महिना बदलतो, आई पान उलटते आणि उलटताना नवीन पानावर कुठे खूण नाही ना ते बघून घेते, तिथे कथा थांबवली. गोल कोणी केला ते कथेत शेवटपर्यंत कळत नाही.

ही कथा मी गटात वाचली. एक ज्येष्ठ गृहस्थ होते, छापून आलेले, त्यांचा शब्द सगळे मानायचे. ते म्हणाले, 'बांधणी चांगली आहे, पण विषय उसना आहे. आतून आलेलं नाही. तुझ्या पोटात काय जळतंय ते लिही, असल्या ओळींवर काय लिहायचं.' आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्याने ती ओळ टाकली होती त्यानेसुद्धा!

आता ऐका. मी ज्या घरात वाढले त्या घरात मोठ्या गोष्टी कोणी बोलायचंच नाही. आजारपण असो, पैशाची ओढाताण असो, सगळ्यांना सगळं माहीत असायचं आणि सगळे माहीत नसल्यासारखे वागायचे. मी लहानपणी दारामागून आवाजाच्या पट्टीवरून ओळखायचे की आज काहीतरी झालंय. यावर लिहायचा प्रयत्न मी आधी कितीदा तरी केला होता, 'आपल्या घराबद्दल लिहू' असं ठरवून, आणि दर वेळी कागदावर नुसती तक्रार उतरायची. अमुक माझ्याशी बोलले नाहीत, तमुक लपवलं. वाचवत नसायचं. कॅलेंडरवरच्या गोलाने काय केलं, तर माझं लक्ष दुसरीकडे वेधलं. मी तारखेच्या भानगडीत गुंतले आणि ते गप्प घर आपोआप मागच्या दाराने कथेत शिरलं, तेही तक्रार न करता, तिघांकडेही सारख्याच मायेने बघत. वडिलांकडे मी त्या नजरेने बघू शकते हे मला ती कथा लिहिताना कळलं. मग आतून, आतून म्हणजे अजून काय असतं?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की 'बाहेरून आलेला विषय' आणि 'आतून आलेली कथा' अशी वाटणी करणाऱ्यांनी स्वतःच्या लिहिण्याकडे नीट बघितलेलंच नसतं. प्रॉम्प्ट कथा देत नाही. तो फक्त तुमच्या मनातल्या पहारेकऱ्याला दोन मिनिटं बोलण्यात गुंतवतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असलेलंच आहे, फक्त या बाजूने कोणी बघत नाही. १८१६ चा उन्हाळा, जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने अडकून पडलेली मंडळी, आणि त्यांच्यातला इंग्रज कवी लॉर्ड बायरन म्हणाला की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. म्हणजे प्रॉम्प्टच की हा, सरळसरळ! मेरी शेली तेव्हा १८ वर्षांची. तिला सुरुवातीला काही सुचेना, रोज सकाळी लोक विचारायचे 'सुचली का गोष्ट?' आणि तिला 'नाही' म्हणावं लागायचं, हे तिनेच १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय. त्यातून १८१८ साली आलं ते 'फ्रँकेनस्टाइन'. आता हे बघा, त्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षी, १८१५ मध्ये, तिची पहिली मुलगी जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेली होती, आणि तिने रोजनिशीत टिपून ठेवलंय की स्वप्नात बाळ परत जिवंत झालं, नुसतं गार पडलं होतं, शेकोटीजवळ चोळल्यावर जगलं. मेलेल्यात जीव घालणाऱ्या माणसाची कादंबरी या स्वप्नातूनच आली असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण ती 'उसनी' होती असं कोणी म्हणून दाखवावं. बायरनने विषय दिला म्हणून दुःख बायरनचं होत नाही.

बरं, तुम्ही विचारलंय की प्रॉम्प्ट कसे वापरायचे आणि कुठून आणायचे. 'एक दिवस तुम्ही अदृश्य झालात तर', 'जगातला शेवटचा माणूस' वगैरे जे मोठे मोठे प्रॉम्प्ट फिरत असतात ते माझ्या मते निरुपयोगी आहेत, कारण त्यात कल्पना देणाऱ्यानेच सगळी करून टाकलेली असते, तुम्हाला उरतं फक्त भरायचं काम. रोजचं आणि क्षुल्लक जितकं तितकं चांगलं. चुकून भलत्याच ग्रुपवर पडलेला आणि लगेच डिलीट केलेला मेसेज. जिन्यात एकाच पायाचा बूट. जुन्या पुस्तकात दुसऱ्याच्या हाताने मारलेली अधोरेखा आणि समासात नुसतं 'नाही'. अशा गोष्टीत एक वस्तू असते, एक माणूस असतो, आणि कारण गायब असतं. कारण गायब असलं की डोकं ते भरायला धावतंच. पण पहिलं भरलेलं कारण घेऊ नका, दुसरंही नको, आणि 'का झालं' यापेक्षा 'यामुळे कोणाचं काय बिघडेल' हे विचारा. कथा नेहमी दुसऱ्या प्रश्नाकडे असते.

अजिबातच काही सुचत नसेल तर जान्नी रोदारीची युक्ती करून बघा. हे इटलीत मुलांसाठी लिहिणारे मोठे लेखक, १९७३ साली गोष्टी कशा रचायच्या यावरच त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की एका शब्दाने काही होत नाही, दोन शब्द लागतात आणि तेही एकमेकांपासून लांबचे. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. मग ते शब्द वेगवेगळ्या नात्यांनी जोडत जायचे. मराठीत तर हे विभक्तीने आणि शब्दयोगी अव्ययांनी मस्त होतं : कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्यासाठी कपाट. प्रत्येक वेळी घर बदलतं, माणसं बदलतात. 'कुत्र्याचं कपाट' म्हटलं की मला तरी लगेच असं घर दिसतं जिथे कुत्रा आता नाहीये आणि त्याचा पट्टा, वाटी, औषधं ठेवलेलं कपाट उघडायचं कोणी हा प्रश्न आहे. दोघं नवरा-बायको, एकाला रिकामं करायचंय, दुसऱ्याला नाही. झाली की सुरुवात, आणि कुत्रा कथेत कुठेच नाही!

आणि एक, ऐकलेल्या गोष्टीवरून लिहायचं असेल तर पूर्ण ऐकू नका. हेन्री जेम्स या कादंबरीकाराला एका जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी सहज सांगितलं की घरातल्या सामानावरून एका आई-मुलाचं भांडण लागलंय, त्यावरून त्याने पुढे आख्खी कादंबरी लिहिली. पण त्याने प्रस्तावनेत नोंदवलंय की बाई पुढचा तपशील सांगायला लागल्या तेव्हा त्याला तो नको होता, कारण खऱ्या आयुष्यात पुढे जे झालं ते गोष्टीची वाट लावणारं होतं. मला हे फार पटतं. कोणी काही सांगायला लागलं की मी अर्ध्यावर उठून पाणी आणायला जाते. लोकांना ते उद्धटपणाचं वाटतं, वाटू दे.

वेळेचं म्हणाल तर दहा-पंधरा मिनिटं न थांबता लिहा, तेवढं पुष्कळ झालं. रोज लिहायचं की आठवड्यातून, ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात काही शास्त्र नाही.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या सांगते. रोज नवा प्रॉम्प्ट, रोज नवी सुरुवात असं केलंत तर तुमच्याकडे सुरुवातींचा ढीग होईल आणि कथा एकही नाही, तेव्हा जिच्यात जीव दिसेल ती सुरुवात धरून प्रॉम्प्ट बंद करा आणि तिचीच काढा-घाल करत बसा. कादंबरी अर्ध्यात अडकली असेल तरी प्रॉम्प्ट उपयोगाचा नाही, तिथे मागे जाऊन कुठलं पात्र खोटं बोलतंय ते शोधावं लागतं. एआयकडून प्रॉम्प्ट मागितला तर माझी हरकत नाही, पण 'पुढे काय होईल' हे त्याला विचारू नका, कारण ते तुम्हाला पहिली तीन कारणं देणार, जी मी वर खोडली तीच. आणि ओळखीच्या माणसाची खासगी गोष्ट असेल तर इतकी बदला की त्यालाही ओळखू येणार नाही. काही जणांना खरोखर आठवणीतून थेट लिहिता येतं, त्यांनी तसंच लिहावं, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

माझं भांडण आहे ते 'आतून' हा शब्द वापरून नवीन माणसाला गप्प बसवणाऱ्यांशी. त्या बैठकीनंतर आमच्यातल्या एका मुलीने लिहिणंच सोडलं. ती फार सुंदर लिहायची, प्रॉम्प्टवरच लिहायची, आणि तिला वाटलं की आपल्याकडे 'आतलं' काही नाहीच. त्याचा राग मला आजही आहे. त्या गृहस्थांना मी नंतर एकदा सरळ विचारलं होतं की तुमची सगळ्यात गाजलेली कथा कशावरून सुचली. म्हणाले, 'अगं, प्रवासात समोरच्या बाईने तिकीट फाडून टाकलं, ते बघितलं आणि डोक्यात बसलं.' तुमच्या मित्रालाही हेच विचारा, त्याच्या आवडत्या लेखकांबद्दल, आणि उत्तर नीट ऐकून घ्या.