ट्रान्सला ‘तंद्री’ म्हणायचं का? मी तर ‘घुमणं’ म्हणेन

भावा, तू विचारलंयस की ट्रान्स म्युझिकला, म्हणजे त्या सलग ठोक्यावरच्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताला, ‘तंद्री संगीत’ म्हटलं तर चालेल का, आणि हल्लीचा ट्रान्स पूर्वीसारखा राहिला नाही तर शब्द पण वेगळा लागेल का. दुसरा प्रश्न लय आवडला मला, पण आधी पहिला घेतो.

तंद्री मला पटत नाही. संस्कृत तन्द्रा वरनं आलेला शब्द, मूळ अर्थ झापड, सुस्ती. मराठीत त्याची सुस्ती गेली, वाचायच्या तंद्रीत गॅसवरचं दूध उतू जातं असं आपण म्हणतोच, पण तंद्री लागलेला माणूस एका जागी बसलेला असतो, समाधी तर त्याहून थंड. आणि ट्रान्सवर लोक रात्रभर नाचतात, मिनिटाला १३०-१४० ठोके, एकसारखे. खुद्द ट्रान्स शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘ट्रान्सिरे’ आहे, म्हणजे पलीकडं जाणं, त्यात झोप कुठंच नाही.

आपल्याकडं शब्द आहे की, घुमणं! आवाज घुमतो आणि अंगात आलेलं माणूसही घुमतं, एकाच क्रियापदात नाद आणि अवस्था दोन्ही, असा शब्द शोधून सापडणार नाही. हलगी-घुमकं-कैताळ या आपल्या वाद्यांतलं घुमकं पण त्याच घरातलं. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीपुढं उभा राहिला असशील तर आठव, हलगी तेच तेच वाजवत राहते, मग चाल जरा चढते, आणि मघाशी नुसती डुलणारी बाई घुमायला कधी लागली ते शेजारच्यालाही कळत नाही. ट्रान्सची सगळी करामत तीच, तेच तेच वाजवायचं पण आत थोडं थोडं बदलत न्यायचं.

आता बदलाचं. १९९०च्या आसपास जर्मनीत, फ्रँकफुर्टकडं हे सुरू झालं, इकडं गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर गोवा ट्रान्स वाढला ज्यातनं पुढं सायट्रान्स (सायकेडेलिक ट्रान्स) आला, दोन्हीकडं घुमणंच होतं. नव्वदीच्या शेवटाला मात्र रोलंड जेपी-८००० सारख्या सिंथवरचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरचा) तो रुंद, एकाच सुराचे थर चढवलेला ‘सुपरसॉ’ आवाज आला, मधेच ठोका थांबवून चाल वर वर न्यायची आणि मग परत किक, म्हणजे खालचा जड ठोका, सोडायची. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात टिएस्टो या डच डीजेनं वाजवलं तो याच सुरेल ट्रान्सचा जोराचा काळ. त्याला घुमणं कमी, भान हरपणं जास्त शोभतं. २०१०नंतर ईडीएमच्या, म्हणजे मोठ्या फेस्टिवलांतल्या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताच्या, गर्दीत बराच ट्रान्स हळू झाला, हाउस या दुसऱ्या, जरा संथ प्रकारासारखा वाजायला लागला, ते मला कधीच रुचलं नाही.

हल्ली टेक्नोवाले, म्हणजे त्या आणखी एका जड ठोक्याच्या प्रकारातले डीजे, जुन्या ट्रान्सच्या चाली उचलून १४०च्या वर पळवतात, मधला थांबा छोटा, किक जड. मला वाटतं पुढची काही वर्षं आवाज इकडंच जाणार. म्हणजे शब्द बदलायची गरज नाही, संगीतच परत घुमण्याकडं यायलंय.

कुणी म्हणेल देवाचा शब्द पार्टीला कशाला. पण देवळात घंटा घुमते तशी दरीत हाक पण घुमते, शब्द दोन्हीकडं आधीपासनं आहे. नाव म्हणून ‘ट्रान्स’ राहू दे, क्रियापद आपलं वापर: ‘काल चार तास घुमलो’, आणि डीजेसाठी ‘त्यानं पब्लिक घुमवलं’.