थेम्सवरची भरधाव बोट: पैसे पन्नास मिनिटांचे, वेग किती मिनिटांचा?

लंडनमध्ये थेम्स नदीवर बारा-बारा प्रवाशांना घेऊन शहर दाखवत पळणाऱ्या रबरी बोटींच्या फेऱ्या चालतात. ‘रिब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बोटींचा तळ टणक असतो आणि कडेने हवा भरलेल्या जाड नळ्या असतात. उन्हाळी सहलींची आखणी सुरू झाल्यापासून त्यांच्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

जाहिरातीत ताशी ५६ किलोमीटर वेग लिहिलेला असतो. मात्र आमच्या शेजाऱ्यांना निम्मा वेळ रमतगमतच नेलं. ही फसवणूक नाही का? (नाशिक)

नाही, तो नदीचा नियम आहे. थेम्सच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्याचा कारभार पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीकडे आहे. वेस्टमिन्स्टर ते टॉवर ब्रिज या गजबजलेल्या भागात वेगाची मर्यादा १२ नॉट, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर आहे. टॉवर ब्रिज मागे टाकून वॉपिंगच्या पुढे नदी मोकळी झाली की परवानगी असलेल्या बोटी ३० नॉटपर्यंत जाऊ शकतात. जाहिरातीतले ५६ किलोमीटर ते हेच.

आता हिशेब करा. ‘लंडन आय’ या मोठ्या पाळण्याजवळच्या धक्क्यावरून टॉवर ब्रिजपर्यंत नदीतून जवळपास चार किलोमीटर अंतर आहे. १२ नॉटने गेलं तरी जायला अकरा-बारा मिनिटं आणि यायला तेवढीच लागतात. त्यात गाईड माहिती सांगण्यासाठी मध्येमध्ये बोट आणखी हळू करायला लावतो. पन्नास मिनिटांच्या फेरीत खरा वेग हाती लागतो तो पंधरा, फार तर वीस मिनिटं. वेगासाठीच जाणार असाल तर कॅनरी वॉर्फ या कार्यालयांच्या भागावरून परत फिरणाऱ्या फेरीपेक्षा थेम्स बॅरियर या पूर अडवणाऱ्या दरवाजांपर्यंत जाणारी लांब फेरी घ्या. वाढलेला सगळा वेळ पूर्वेकडच्या मोकळ्या पाण्यातला असतो.

मर्यादेमागची कारणं साधी आहेत. पूल जवळजवळ आहेत, कमानींतून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या वाटा ठरलेल्या आहेत आणि वेगाने उठणाऱ्या लाटा धक्क्यांना बांधलेल्या बोटींना आपटतात. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे ‘मार्शनेस’ या प्रवासी बोटीला ‘बोबेल’ या वाळू उपसणाऱ्या जहाजाने याच भागात, कॅनन स्ट्रीट रेल्वे पुलाजवळ धडक दिली आणि ५१ जण गेले. नदीवर कायमची बचाव ठाणी असावीत ही मागणी त्यातूनच पुढे आली आणि २००२ मध्ये ती सुरू झाली. वॉटर्लू ब्रिजजवळचं टॉवर लाईफबोट स्टेशन तुम्हाला फेरीत दिसेलच. देशातलं सगळ्यांत व्यग्र बचाव ठाणं तेच.

आईचं वय ७२. चालती-फिरती आहे, पण हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तिला न्यावं का? (पुणे)

नेऊ नका. ‘मागे बसवू, हळू चालवायला सांगू’ असा मधला मार्गही काढू नका.

वेगातली बोट लाटेच्या माथ्यावरून सुटते आणि पुढच्या लाटेवर आपटते. तो दणका खालून वर सरळ मणक्यात जातो. उभ्या माणसाचे गुडघे तो झेलतात. बसलेल्या माणसाच्या बाबतीत आसन आणि कंबर यांच्या मध्ये झेलणारं काहीच नसतं. सगळ्यांत जास्त मार बसतो तो छातीचा कणा संपून कमरेचा सुरू होतो तिथल्या मणक्यांना. ठिसूळ हाडांत तिथला मणका चेपून पाचरीसारखा होऊ शकतो. ऑगस्ट २००८ मध्ये ब्रिस्टल चॅनलच्या समुद्रात अशाच एका फेरीत एका प्रवाशाच्या कमरेच्या मणक्याला असं फ्रॅक्चर झालं होतं. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने त्याची रीतसर चौकशी केली. थेम्सच्या लाटा समुद्राएवढ्या नसतात हे खरं, पण समोरून गेलेल्या मोठ्या बोटीची लाट आडवी आली तर एकच दणका पुरतो.

गरोदर स्त्रिया, पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनाही हेच लागू. गरोदर प्रवाशांना बोटवाले सहसा घेतच नाहीत. ‘कोणाला दिसतंय’ म्हणून लपवून बसण्यात काही हशील नाही.

धडधाकट माणसांनी बसताना घ्यायची काळजी: बोटीचं पुढचं टोक सर्वांत जास्त उसळतं, मागचा भाग सर्वांत कमी. पाठ जपायची असेल तर मागच्या रांगा मागून घ्या. दोन्ही पाऊलं तळावर घट्ट, गुडघे वाकलेले, अंग किंचित पुढे, दोन्ही हात समोरच्या दांडीवर. लाट येताना दिसली की पायांवर थोडा भार घेऊन बैठक हलकी करा. एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हातात मोबाईल हा प्रकार टाळा. वळणावर शरीर पिळलेलं असताना दणका बसला तर तो जास्त लागतो.

बोटीत साडी चालेल का? जूनमध्ये थंडीचे कपडे लागतील का? (कोल्हापूर)

काही बोटींत पाठ असलेल्या खुर्च्या असतात, काहींत दोन्ही बाजूंना पाय टाकून मांड ठोकून बसायची आसनं. दुसऱ्या प्रकारात पाचवारीची अडचण होते. नऊवारी नेसणाऱ्या आजींना बैठक जमेल, पण पदराचं काय करणार? पदर, ओढणी, मफलर, सैल टोपी हे सगळं वाऱ्यावर उडतं आणि मागच्याच्या तोंडावर जातं. सलवार किंवा पँट, वर अंगाबरोबरचं जाकीट, पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. चष्म्याला मागून दोरी लावा. कानातलं श्रवणयंत्र काढून ठेवा, पण ते गाईडच्या सूचना ऐकून झाल्यावर.

थंडीचं म्हणाल तर जूनमध्येही एक गरम थर हवाच. हवा १० अंश असेल तर ताशी ५६ किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ती ५ अंशांसारखी लागते. १० अंश हे मार्च-एप्रिलचं नेहमीचं तापमान आहे. वरचा पाणी न शिरणारा कोट बहुतेक ठिकाणी बोटवालेच देतात, आतला स्वेटर आपला.

लाईफ जॅकेट कोटाच्या वरून घालायचं, आतून कधीच नाही. स्वतः फुगणाऱ्या प्रकारात ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची नळकांडी असते. पाण्यात पडल्यावर ते एका झटक्यात फुगतं आणि आत घातलेलं असेल तर कोटाच्या आत छाती आवळतं. पट्टा आणि छाती यांच्या मध्ये मूठ बसेल इतपतच सैल ठेवा. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असेल तर तो अवघडल्यासारखा वाटला तरी लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली. मुलांचं जॅकेट वजनावरून ठरतं, वयावरून नाही. मुलाचं वजन आधीच किलोत माहीत असू द्या. मुलांसाठी वयाची किंवा उंचीची अट प्रत्येक बोटवाल्याची वेगळी असते, ती पैसे भरण्याआधी वाचा.

कुठल्या वेळेची फेरी घ्यावी? सगळ्या सारख्याच नाहीत का? (डोंबिवली)

अजिबात नाहीत, आणि हे बुकिंग करताना जवळजवळ कोणीच बघत नाही.

लंडन ब्रिजजवळ भरती आणि ओहोटी यांतला फरक उधाणाच्या दिवसांत सात मीटरपर्यंत जातो, म्हणजे दोन मजले. पूर्ण ओहोटीला तुम्ही खोल दगडी भिंतींच्या तळाशी बसलेले असता. काठावरचे रस्ते आणि इमारतींचे खालचे मजले दिसत नाहीत, उघडे पडलेले किनारे मात्र छान दिसतात. भरतीला बोट उंच येते, शहर डोळ्यांसमोर येतं आणि पुलांच्या कमानी डोक्याजवळून जातात. शहर बघायचं तर भरतीच्या माथ्याच्या आगेमागे तासभर धरा. पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटी भरतीची वेळापत्रकं प्रसिद्ध करते, ‘लंडन ब्रिज’च्या रकान्यात बघा. धक्के तरंगते असल्यामुळे ओहोटीला त्यांच्यावर उतरणारा पूल तीव्र उताराचा होतो. गुडघेदुखी असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. लंडनमध्ये वारा बहुतांशी नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. भरतीचं पाणी समुद्राकडून, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे चढतं. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. जोराचा पश्चिमवारा आणि चढती भरती या जोडीत लाइमहाउसपासून ग्रिनिचपर्यंतचा भाग दणकट होतो. उसळी हवी असलेल्यांना ही पर्वणी, पाठीची काळजी असलेल्यांनी ओहोटी लागल्यावर जावं. उधाणाच्या भरतीत काठावरची लाकडं उचलली जाऊन पाण्यात येतात. त्या दिवशी चालक मध्येच वेग कमी करतो, तेव्हा कुरकुर नको. अर्धवट बुडालेला ओंडका त्याला तुमच्याआधी दिसलेला असतो.

फोटोंसाठी दुपारनंतरची फेरी बरी. जाताना ऊन पाठीशी असतं आणि समोरचा टॉवर ब्रिज उजळलेला मिळतो. येताना मात्र ऊन डोळ्यांत. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा ‘दुपारची चारची’ म्हणजे काळोखातली फेरी.

वाटेत काय काय बघायचं? (ठाणे)

नेहमीची यादी गाईड सांगतोच. पूर्वेकडे जाताना डावीकडे सॉमरसेट हाउस, सेंट पॉलचा १११ मीटरचा घुमट, टॉवर ऑफ लंडन. उजवीकडे टेट मॉडर्न, ग्लोब नाट्यगृह, ‘बेलफास्ट’ युद्धनौका. परतीला बाजू बदलतात, म्हणून जागेवरून भांडू नका. १८९४ चा टॉवर ब्रिज तुमच्यासाठी उघडणार नाही. उंच डोलकाठीच्या जहाजांनी चोवीस तास आधी कळवलं तरच तो उघडतो.

बहुतेकांचं लक्ष चुकतं ते वॉपिंगला, कारण नेमका तिथेच चालक वेग वाढवतो. डाव्या काठाच्या या भागात पूर्वी समुद्री गुन्हेगारांना फाशी देण्याची जागा होती. २३ मे १७०१ ला कॅप्टन किड या समुद्री चाच्याला इथे लटकावलं. पहिल्यांदा दोर तुटला, म्हणून पुन्हा लटकावलं. त्याचा सगळ्यांत गाजलेला दरोडा आपल्याच पाण्यातला: जानेवारी १६९८ मध्ये बंगालहून सुरतेला निघालेलं ‘केदा मर्चंट’ हे जहाज त्याने मलबार किनाऱ्याजवळ लुटलं. रेशीम, मलमल, साखर असा माल त्यावर होता. पुढे ब्लॅकवॉलच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे डॉक होते. लांब फेरी घेतली तर तो काठही दिसतो.

अंगावर उडणारं पाणी घाण असतं म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

तपकिरी रंग गाळाचा आहे, भरती-ओहोटी तो सतत ढवळते. खरी भीती मुसळधार पावसानंतरची. १८५८ मध्ये नदीला सुटलेल्या दुर्गंधीनंतर बॅझलजेट या इंजिनिअरने बांधलेल्या गटारांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकत्र वाहतं आणि ती भरली की नदीत सांडायची. त्यासाठी २५ किलोमीटरचा थेम्स टाइडवे बोगदा बांधला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पूर्ण जोडला गेला. त्यामुळे सांडणं खूप कमी व्हायला हवं. तरीही वेगात तोंड बंद ठेवा आणि उतरल्यावर हात धुतल्याशिवाय सँडविचला हात लावू नका.

गेटवेवरून अशी फेरी घेता येईल का? (परळ, मुंबई)

स्पीडबोटी मिळतात, पण लंडनसारखी माहिती सांगत शहर दाखवणारी फेरी तिथे मिळेल असं धरू नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना तर विषयच नको. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, त्यात पंधरा जीव गेले. ‘नीलकमल’वरच्या अनेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. जॅकेट मागून घ्या, बकल लागतं का, शिट्टी आहे का, फोम भिजून जड झालेला नाही ना, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. चालकाच्या पायाला किंवा मनगटाला लाल दोरी आहे का तेही बघा. चालक फेकला गेला की ती इंजिन बंद करते. स्टिअरिंगजवळ ती नुसती लोंबकळत असेल तर दुसरी बोट शोधा.

आम्ही मिळून चौदा जण, त्यात सासू-सासरे आणि दोन लहान मुलं. एकाच बोटीत जमेल? (स्लाउ, इंग्लंड)

नाही. ब्रिटनमध्ये बारापेक्षा जास्त प्रवासी घेणारी बोट प्रवासी जहाज ठरते आणि तिचे नियम फार कडक आहेत. म्हणून या बोटींत बाराच जागा असतात. आठ-सहा असे दोन गट करा, तेही आठवडाभर आधी.

त्यापेक्षा सगळ्यांनाच नदी दाखवायची असेल तर थेम्स क्लिपर्सची नेहमीची जलद फेरी घ्या. दोन सांगाड्यांच्या या मोठ्या बोटी रोजच्या नोकरदारांच्या आहेत. आत खुर्च्या, स्वच्छतागृह, चहा-कॉफी. टॉवर ब्रिजच्या पुढे याही २८ नॉटच्या आसपास पळतात, पण आकारामुळे उसळी जाणवत नाही. ऑयस्टर या लंडनच्या प्रवासी कार्डाने किंवा बँकेच्या कार्डाने पैसे भरता येतात, मात्र बस आणि ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वेची रोजची कमाल भाड्याची मर्यादा इथे लागू होत नाही. चढता-उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायला विसरू नका. वेस्टमिन्स्टरला चढा, ग्रिनिचला उतरा. सासऱ्यांना आतली खिडकी द्या, मुलांना घेऊन मागच्या उघड्या डेकवर जा. वॉपिंग आलं की पाण्याचा पांढरा पट्टा तिथूनच दिसतो. तोवर तरुण मंडळींनी रिबची फेरी उरकून ग्रिनिचला येऊन भेटावं.