ओलं सूत आणि कलस्सैला गेलेलं पत्र

सोलापूर,
गड्ड्याच्या यात्रेनंतरचा रविवार

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर फाटकापाशी तू मला थांबवलंस आणि विचारलंस, "काका, ख्रिस्त सर्वश्रेष्ठ आहे असं आपण चर्चमध्ये म्हणतो. तेच कंपनीतल्या मित्रांपुढे म्हटलं तर भांडण लागतं आणि गप्प बसलो तर प्रभूला नाकारल्यासारखं वाटतं. मग करायचं काय?" मी म्हणालो, सावकाश बोलू. खरं सांगायचं तर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आठवडाभर तोच विचार करतोय, म्हणून लिहायला बसलो.

हे वाक्य आपल्याकडे आलं कुठून, ते आधी बघ. पवित्र शास्त्रात प्रेषित पौलाचं कलस्सैकरांना लिहिलेलं पत्र आहे, ते त्यातून. पौलाने ते लिहिलं तेव्हा तो कैदेत होता आणि त्या गावात त्याने पाऊलही टाकलेलं नव्हतं. तिथल्या मंडळीला सुवार्ता दिली ती एपफ्रासने. कलस्सै म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं, लोकरीच्या मालासाठी ओळखलं जाणारं गाव. आपलं जसं चादरी आणि टॉवेलचं. पौलाच्या काळापर्यंत शेजारची लावदिकीया मोठी झाली होती आणि कलस्सै मागे पडलं होतं. गिरण्यांच्या भोंग्यांच्या आठवणी सांगणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा गावातल्या, कुणाच्या तरी घरात जमणाऱ्या थोड्या लोकांना एक कैदी लिहितो की आकाशातलं आणि पृथ्वीवरचं, दिसणारं आणि न दिसणारं, राजासनं आणि सत्ता, सगळं ख्रिस्ताच्या द्वारे आणि ख्रिस्तासाठी निर्माण झालं आहे आणि त्याच्यातच ते टिकून आहे. ज्या सत्तेने पौलाच्या हातात बेड्या घातल्या, तीही त्यात आली. लिहिणाऱ्याच्या हाती कसलीच सत्ता नव्हती, हे कायम ध्यानात ठेव. पुढे मी जे लिहितोय ते सगळं यावर उभं आहे.

त्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ख्रिस्ताला 'सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ' म्हटलं आहे. दारावर पुस्तकं घेऊन येणारे याच शब्दावर बोट ठेवून तुला विचारतील की ज्येष्ठ म्हणजे पहिला जन्मलेला, मग तोही निर्माण केलेलाच नाही का? गोंधळू नकोस. दावीद राजा इशायाच्या मुलांत सगळ्यात धाकटा होता, तरी ८९व्या स्तोत्रात देव म्हणतो की मी त्याला ज्येष्ठ करीन. तिथे शब्द जन्माच्या क्रमाचा नाही, मानाचा आणि वारशाचा आहे. शिवाय पौल लगेच पुढच्या ओळीत सांगतो की सगळं त्याच्याच ठायी निर्माण झालं. एरियस नावाच्या धर्मगुरूने हाच वाद चौथ्या शतकात उभा केला होता, पुत्र नव्हता असाही एक काळ होता असं त्याचं म्हणणं. इसवी सन ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षं झाली. आपण निकियाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतो तेव्हा तेच शब्द उच्चारत असतो, पण पाठ असल्यामुळे भरभर म्हणून मोकळे होतो.

कलस्सैच्या लोकांनी ख्रिस्ताला सोडलं नव्हतं. त्यांना भुरळ पडत होती ती ख्रिस्ताच्या जोडीला आणखी काहीतरी घेण्याची. खाण्यापिण्याचे नियम, सण आणि चंद्रदर्शनं, देवदूतांची उपासना. आपल्याकडे ही जोड वेगळ्या नावाने येते. ख्रिस्त आणि आपला पंथ. ख्रिस्त आणि आपलं मिशन. ख्रिस्त आणि कमिटीतली खुर्ची. पुण्याला जाताना दौंड सुटलं की केडगाव लागतं, तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान बाई, जिने नंतर मूळ इब्री आणि ग्रीकमधून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, ती हे कबूल करते. मी गाडीतून केडगावची पाटी बघतो तेव्हा दर वेळी स्वतःला तपासतो.

आता तुझ्या मित्रांकडे येतो. ख्रिस्त श्रेष्ठ आहे याचा अर्थ ख्रिस्ती माणूस श्रेष्ठ आहे असा कुणी लावला तर तो त्या पत्राचा अपमान आहे. यात्रेत नंदीध्वज खांद्यावर पेलत चालणारा तुझा मित्र तुला तिळगूळ देतो, तो प्रेमाने घे आणि नाताळला त्याच्या घरी करंज्यांचा डबा पोचव. त्याच्या श्रद्धेची टिंगल करून प्रभूचा मान एका कणानेही वाढत नाही. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. लोक हे वचन सांगतात आणि त्याची सुरुवात गाळतात. सुरुवात अशी आहे की ख्रिस्ताला प्रभू म्हणून आपल्या अंतःकरणात पवित्र माना. म्हणजे त्याचं सिंहासन आधी माझ्या आत हवं. तिथे ते असलं की लोक आपण होऊन विचारतात, आणि विचारलं की लपवायचं नाही. माझा तारणारा हाच, आणि याच्यापुढे मी कुणाला ठेवत नाही, हे सरळ सांगायचं. आवाज चढवायची गरज लागत नाही. तू गप्प बसलास म्हणून प्रभूला नाकारलंस असं मला वाटत नाही. विचारल्यावर टाळलंस, तर मात्र विचार कर.

नाकारणं कसं असतं ते मला माहीत आहे. मी बावीस वर्षांचा असताना एका सुताच्या पेढीवर लागलो. गोदामात संध्याकाळी फरशीवर भरपूर पाणी मारायचे. सूत ओल धरतं, सकाळपर्यंत पोत्याचं वजन वाढतं. सकाळी काट्यावरचा आकडा वहीत लिहायचं काम माझं. गिऱ्हाईक म्हणजे घरात दोन-चार माग टाकून बसलेले विणकर, उधारीवर सूत नेणारे. पाणी मी मारत नव्हतो, मी फक्त आकडा लिहीत होतो, असं म्हणत दोन वर्षं काढली. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत वरच्या पट्टीत माझा आवाज असायचा. एकदा एक म्हातारे विणकर आले. त्यांनी सुताचा कोन हातात घेतला, अंगठ्याने दाबला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "ओलं हाय की." भांडले नाहीत. पैसे मोजले आणि पोतं हातगाडीवर टाकून गेले. त्या रात्री मी कलस्सैकरांच्या पत्राचा तिसरा अध्याय उघडला. जे काही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे वाक्य मी शब्बाथशाळेत मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. पौलाने ते दासांना लिहिलं होतं, ज्यांना सुट्टी नव्हती की पगार नव्हता. त्यांच्या रोजच्या राबण्याचा मालकसुद्धा ख्रिस्तच, असं तो म्हणत होता.

मी मालकांना सांगितलं की हा आकडा मी लिहिणार नाही. त्यांनी मला वसुलीवर फिरायला पाठवलं. उन्हातान्हात अशोक चौकापासून पायपीट. गोदामातलं पाणी थांबलं नाही. या गोष्टीचा शेवट गोड झाला असता तर तुला सांगायला बरं वाटलं असतं. पण ख्रिस्त पहिला आहे हे मी आयुष्यात पहिल्यांदा मानलं ते त्या दिवशी, कारण तोवर त्याची किंमत मी काहीच मोजली नव्हती. तू हिशेबाच्या टेबलावर बसतोस. तुझंही ओलं सूत कुठेतरी असेलच. शोध.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. तुझी काकू आजारी होती ते शेवटचे चार महिने तू पाहिलेस. अख्ख्या मंडळीने प्रार्थना केली, पाळकसाहेब दर दोन दिवसांनी यायचे. ती गेली. मग सगळं ज्याच्या हातात आहे त्याच्या हाताला काय झालं होतं? मी हा प्रश्न प्रभूला रागाने विचारला आहे. सांत्वनाला आलेल्यांनी पुष्कळ कारणं सांगितली, मला एकही पटलं नाही. आधार मिळाला तो इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात. सगळं त्याच्या अधीन केलं आहे असं म्हणून लेखक लगेच कबूल करतो की ते तसं झालेलं आपल्याला अजून दिसत नाही. दिसतो तो येशू, मरण सोसलेला. शास्त्रच हे मान्य करतं म्हटल्यावर मला खोटं हसायची गरज उरली नाही. कलस्सैकरांच्या पत्रातली ती मोठी स्तुतीही वधस्तंभावरच्या रक्तापाशीच येऊन थांबते. आपला राजा तिथून राज्य करतो. एवढंच मला कळलं आहे, पण रात्र काढायला ते पुरतं.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहितोय ते. तुझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे असं कानावर आलं. मुलगी ख्रिस्ती, शिकलेली, मंडळीत येणारी, सगळं ठरतं आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "मूळचे कोण हो?" म्हणजे आधीची जात कुठली. हा प्रश्न मी पुतणीच्या लग्नाच्या बोलणीत स्वतः विचारला आहे. उत्तर ऐकलं आणि पत्रिका जुळत नाही म्हणावं तसं काहीतरी कारण काढून ते स्थळ मोडलं. समोर बसलेल्या मुलाच्या वडिलांना कारण कळलं होतं. माझ्याकडे बघत त्यांनी चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. ते आता हयात नाहीत, त्यांची क्षमा मागायची राहून गेली.

कलस्सैला ते पत्र घेऊन कोण गेलं, माहीत आहे? पौलाचा सोबती तुखिक, आणि त्याच्याबरोबर अनेसिम. अनेसिम फिलेमोनाचा दास, धन्यापासून दूर गेलेला. आणि फिलेमोनाच्या घरीच मंडळी जमायची. ते दृश्य डोळ्यांपुढे आण. धनी बसला आहे, दास दारात उभा आहे आणि पत्र मोठ्याने वाचलं जातं आहे की आता ग्रीक आणि यहूदी, बर्बर आणि स्कुथी, दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, ख्रिस्त सर्वकाही आहे आणि सर्वांत आहे. फिलेमोनासाठी वेगळी चिठ्ठीही होती. त्याला दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे, जसं मला घेशील तसं. ख्रिस्ताचं श्रेष्ठत्व त्या दिवशी त्या घराच्या उंबऱ्यावर येऊन थांबलं होतं. फिलेमोनाने उठून दार पूर्ण उघडायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

तुझ्या घरी तो प्रश्न निघेल. वडील विचारणार नाहीत कदाचित, आत्या नक्की विचारेल. तेव्हा तू मान खाली घालून बसू नकोस. थोरल्यांपुढे बोलायचा संकोच वाटला तर मला फोन कर. मी येतो आणि माझ्या पुतणीच्या स्थळाची गोष्ट तुझ्या वडिलांना स्वतः सांगतो.

तुझा,
काका