प्रकाश एकाच वेळी तरंग आणि कण कसा असू शकतो?

थोडक्यात सांगायचं तर प्रकाश कुठे पोहोचेल हे तरंगाच्या गणिताने ठरतं, पण ऊर्जा देताना तो ती ठरावीक पुड्यांमध्येच देतो. ‘कधी तरंग, कधी कण’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला पटत नाही. प्रकाश मूड बघून वेश बदलतो असं वाटायला लागतं.

कणाची बाजू सोपी आहे. जस्ताच्या स्वच्छ पत्र्यावर लाल दिव्याचा कितीही झगमगाट पाडा, इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. मंद अतिनील प्रकाशाने मात्र लगेच सुटतात. प्रश्न प्रखरतेचा नसून एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका पुडीच्या, ऊर्जेचा आहे. आइनस्टाइनने हे १९०५ मध्ये मांडलं. १९२१ चं नोबेल सापेक्षतेसाठी नव्हे, यासाठी होतं.

खरी गंमत १९०९ च्या प्रयोगात आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या जी. आय. टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने काजळी धरलेल्या काचा लावून ज्योतीचा उजेड इतका क्षीण केला, की सुईच्या सावलीचा एक फोटो उमटायला सुमारे २००० तास, म्हणजे जवळपास तीन महिने लागले. तरीही सावलीच्या कडेचे, तरंगांमुळेच पडणारे काळे-उजळ पट्टे नेहमीइतकेच स्पष्ट आले!

आता एकेक फोटॉन सोडूनही हे करता येतं. दोन फटींमागच्या पडद्यावर प्रत्येक फोटॉन एकच ठिपका उमटवतो. पहिले शे-दोनशे ठिपके नुसते विखुरलेले दिसतात, हजारो साठले की त्यातून पट्टे उभे राहतात. आणि फोटॉन कोणत्या फटीतून गेला हे कळेल अशी सोय केलीत, की पट्टे गायब.