शेजारी स्वमग्न मूल आहे? सुरुवात अशी करा

ताई, शेजारच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी कसं वागावं, हे विचारलंत हेच खूप झालं. माझा मुलगाही स्वमग्न आहे, आता 19 वर्षांचा आहे, त्या अनुभवावरून सांगते.

पहिली चूक सगळेच करतात, ती म्हणजे उपाय सुचवणं. गंडेदोरे नकोत, कुणाचा तरी 'बरा झालेला' भाचाही नको. स्वमग्नता हा आजार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिची स्वतंत्र नोंद आहे.

- लिफ्टमध्ये तो कान झाकून ओरडला, तर आईकडे रोखून बघू नका. लाडानं गालही ओढू नका.
- गणपतीत ढोल-ताशा कधी वाजणार, ते आधी कळवा. आमच्या खालच्या काकू आरतीआधी न चुकता फोन करायच्या, तेवढ्यात आम्ही त्याला हेडफोन लावायचो.
- वाढदिवसाला बोलवा. दहा मिनिटांत निघून गेले तरी पुढच्या वर्षी परत बोलवा.

थेरपी वगैरेचं तुम्ही शेजारी म्हणून आत्ता डोक्यात घेऊ नका.