ज्यू परंपरेत सामूहिक धर्मकार्यातल्या स्वयंसेवेबद्दल आणि नेतृत्वाबद्दल काय सांगितलंय?

इस्राएली लोकांनी वाळवंटात उभारलेल्या निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, गोष्ट बघा. बहुतेक सामान ऐच्छिक देणगीतून आलं. लोकांनी इतकं आणलं की 'आता पुरे' अशी दवंडी त्यांचा पुढारी मोशे याला पिटवावी लागली (बायबलमधलं निर्गम हे पुस्तक, अध्याय ३६). आपल्या वर्गणीवाल्यांना हे खरं वाटायचं नाही!

नेतृत्वाचा भाग मला जास्त आवडतो. बसालेल हा मुख्य कारागीर देवानेच निवडलेला. तरी तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा प्राचीन ग्रंथ म्हणतो, देवाने आधी मोशेला आणि मग त्याच्यामार्फत लोकांना विचारलं: हा चालेल ना? समाजाला न विचारता पुढारी नेमायचा नाही. ११व्या शतकातला भाष्यकार राशी आणखी एक मेख दाखवतो. याच देणग्यांच्या वेळी इस्राएलच्या वंशांचे सरदार म्हणाले, आधी लोकांना देऊ दे, कमी पडेल ते आम्ही भरू. कमी जवळजवळ काही पडलंच नाही, रत्नं तेवढी उरली. या आळसापायी हिब्रू मजकुरात त्यांच्या पदनामातलं एक अक्षर गळलं.